सॅलरीत मीठ किती?

रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं, म्हणून पगाराला सॅलरी म्हणतात. हे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकांपासून ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे भेटतं, एक तारखेच्या आसपास जरा जास्तच. मराठी वाचकाला ते चटकन पटतं, कारण खाल्ल्या मिठाला जागायचं हे आपल्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. चाकरी आणि मीठ यांची सांगड मनात आधीच घातलेली असते. रोमन शिपाई तिथे आयता येऊन बसतो.

पण या एका वाक्यात तीन विधानं गुंडाळलेली आहेत. सॅलरी हा शब्द मिठावरून आला, हे पहिलं. त्याचा संबंध सैनिकांशी होता, हे दुसरं. सैनिकांच्या हातात पैशांऐवजी मीठच पडायचं, हे तिसरं. पहिलं टिकतं. दुसऱ्याचा सारा भार एका रोमन लेखकाच्या एका वाक्यावर आहे, आणि ते वाक्यही फार जपून वाचावं लागतं. तिसऱ्याला आधारच नाही. शब्दाचं मूळ शोधायचं तर आधी ही गुंडाळी सोडवावी लागते, आणि त्यासाठी विद्वत्तेइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, चिकाटी लागते.

शोध आजच्या शब्दापासून मागे न्यायचा, एका वेळी एकच टप्पा. इंग्रजीवरून थेट लॅटिनवर उडी घेतली की घोटाळा ठरलेलाच, कारण इंग्रजीत लॅटिनचा माल बराचसा फ्रेंचमार्गे आला आणि वाटेत त्याचं रूपही बदललं, अर्थही. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी विचारायच्या. शब्दाचं रूप त्या भाषेच्या ध्वनिनियमांत बसतं का? त्याची सर्वांत जुनी लेखी नोंद कधीची? आणि त्या नोंदीत त्याचा अर्थ नेमका काय? तिन्ही उत्तरं जुळली तर पुढे जायचं. एकही अडलं तर गोष्ट कितीही गोड असो, तिथेच थांबायचं. बहुतेक फसव्या व्युत्पत्त्या तिसऱ्या प्रश्नावर पडतात: रूप जुळतं, काळही जुळतो, अर्थ मात्र नंतर कुणीतरी कल्पनेने भरलेला असतो.

तर इंग्रजीपासून सुरुवात. मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो. सॅलरीच्या जुन्या नोंदींत विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यातली ओळ आहे, साधारण १३७७ची. तिथे आळस हे पाप माणसाचं रूप घेऊन कबुलीजबाब देतं आणि सांगतं की माझ्या नोकरांची सॅलरी कधीकधी थकलेली असते. म्हणजे इंग्रजीत हा शब्द येतो तोच थकबाकी घेऊन. अर्थ जवळपास आजचाच, कामाचा ठरलेला मोबदला. त्या ओळीत मिठाचा मागमूस नाही.

नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या दरबारात, कचेऱ्यांत जी फ्रेंच चालायची, त्या अँग्लो-नॉर्मन भाषेत ‘सालारी’ हे रूप आहे. तिचाही कोश फुकट मिळतो. खुद्द फ्रेंचमधला शब्द ‘सालेर’. आणि हा शब्द आपल्या शेपटीवरूनच सांगतो की तो कुठल्या वाटेने आला. लॅटिनमधला ‘-आरिउस, -आरिउम’ हा प्रत्यय लोकांच्या तोंडी झिजत झिजत फ्रेंचमध्ये ‘-इए’ झाला. ‘प्रीमारिउस’चा ‘प्रमिए’ झाला, ‘ग्रानारिउम’ म्हणजे धान्याच्या कोठाराचा ‘ग्रनिए’ झाला. सालेरमध्ये ही झीज दिसत नाही. याचा अर्थ तो बाजारात, शेतात पिढ्यानपिढ्या बोलला गेलेला शब्द नाही. वकील-कारकुनांनी लॅटिन कागदांतून तो उचलला आणि वरवर फ्रेंच केला. तत्सम आणि तद्भव हा फरक शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला हे लगेच कळेल: सालेर हा तत्समाकडे झुकलेला.

याच मिठाचं तद्भव रूप फ्रेंचमध्ये आहेच, ‘सालिएर’, म्हणजे जेवणाच्या टेबलावरची मिठाची दाणी. तेही इंग्रजीत गेलं आणि ‘सॉल्ट-सेलर’मध्ये लपून बसलं. तिथला सेलर म्हणजे तळघर नव्हे; तो मूळचा हाच ‘सालिएर’ म्हणजे मिठदाणीच. लोक त्याचा अर्थ विसरले, पुढे ‘सॉल्ट’ जोडला आणि स्पेलिंग तळघराचं केलं. मिठाची मीठदाणी असा तो शब्द आहे, ‘पिवळा पीतांबर’ म्हणतात तसा.

आता लॅटिन. मिठाला शब्द ‘साल’. पण षष्ठीत तो ‘सलिस’ होतो, स्वर ऱ्हस्व. त्यावरून विशेषण ‘सलारिउस’, मिठाचा. आणि त्याचं नपुंसकलिंगी रूप नाम म्हणून वापरलं की ‘सलारिउम’. देवनागरीत लिहिताना हा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपोआप दिसतो. रोमन लिपीत तो दिसत नाही, कोशात अक्षरावर आडवी रेघ असेल तरच कळतो, आणि नवखा शोधक ती रेघ हमखास गाळतो. ती गाळली की सगळे ‘सल’ एका माळेचे मणी वाटू लागतात.

लॅटिनमध्ये सारख्या दिसणाऱ्या या शब्दांची निदान तीन कुळं आहेत. एक मिठाचं. त्यातून सॉस आला (‘साल्सा’, खारवलेली), सॅलड आलं (मीठ लावलेला पाला), सॉसेज आलं, सलामी हा मांसाचा प्रकार आला. दुसरं कुळ ‘सलूस’ आणि ‘सल्वुस’ यांचं, म्हणजे क्षेम आणि सुखरूप. सॅल्यूट, सॅल्व्हेशन हे त्यातले. तिसरं ‘सलीरे’ म्हणजे उडी मारणं. सेलियंट आणि असॉल्ट तिथले. ‘सॅलरी आणि सॅल्यूट दोन्ही मिठावरून’ असं कुणी लिहिलेलं दिसलं की पुढचं न वाचताही चालतं. शिवाय सॅल्व्हर म्हणजे तबक. मिठाच्या वाट्या त्यावर ठेवत असतील असं वाटतं, पण तो शब्द स्पॅनिशमधून, दुसऱ्या कुळातून आला: राजाचं अन्न आधी चाखून ते सुखरूप असल्याची खात्री करत, त्या चाखण्यावरून. आणि इंग्रजी सॉल्ट? तो लॅटिनमधून मुळीच आलेला नाही. तो जर्मानिक भाषांचा स्वतःचा, जुन्या इंग्रजीत ‘सेआल्ट’. लॅटिन ‘साल’ आणि तो चुलतभाऊ, बापलेक नव्हेत.

नुसत्या साम्यावर भरवसा ठेवायचा तर मग आपल्याकडे याहून सरस गोष्टी रचता येतील. खानदेशात, विदर्भात वर्षाच्या बोलीवर शेतावर राबणाऱ्या गड्याला सालदार म्हणतात. साल ठरवून मिळणारी ती सॅलरी! फौजेच्या सेनापतीला फारसीत सालार म्हणतात. त्याच्याकडून मिळते ती सॅलरी! रूप जवळचं, अर्थ तर मिठापेक्षाही चपखल. पण सालदारातला साल म्हणजे फारसी वर्ष, आणि यातला एकही शब्द चौदाव्या शतकातल्या इंग्लंडच्या कागदांपर्यंत कुठल्या वाटेने पोचला, हे दाखवता येत नाही. वाट दाखवता येत नसेल तर साम्य हा निव्वळ योगायोग.

रूपाचा प्रश्न इथे सुटला. सलारिउम मिठाचं आहे. खरी गंमत पुढे आहे: ‘मिठाचं’ म्हणजे मिठाचं काय? नाम गळून विशेषण तेवढं उरलं आहे. मिठाचा भत्ता? मिठाचा पैसा? काही कोशांत या विशेषणापुढे ‘अर्गेंतुम’ म्हणजे रुपं, पैसा हा शब्द अध्याहृत धरलेला असतो. पण ‘सलारिउम अर्गेंतुम’ असा पुरा शब्दप्रयोग कुठल्या जुन्या मजकुरातून घेतलेला नाही. तो कोशकारांनी भरलेला शब्द आहे. व्युत्पत्तिकोशांत शब्दाआधी तारांकन असेल तर ते रूप प्रत्यक्ष सापडलेलं नसून अंदाजाने मांडलेलं आहे असा अर्थ होतो. अशा अध्याहृत शब्दांवर मात्र तारांकन नसतं. ते आपण मनातल्या मनात टाकायचं.

या प्रत्ययाची भावंडं पाहिली तर थोडा उजेड पडतो. ‘काल्केउस’ म्हणजे बूट. त्यावरून ‘काल्केआरिउम’, बुटांचा भत्ता. ‘क्लावुस’ म्हणजे खिळा. त्यावरून ‘क्लावारिउम’, बुटाच्या तळाला ठोकायच्या खिळ्यांचा भत्ता. इ.स. ६९च्या यादवीत सैनिक हा क्लावारिउम मागत होते असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय, आणि हे एका बक्षिसाचं नाव आहे असा खुलासाही जाता जाता केलाय. म्हणजे त्याच्या वाचकांनाही तो शब्द अनोळखी असणार. ओस्तिआ आणि पुतेओली इथून रोमपर्यंत आळीपाळीने पायी येणाऱ्या आरमारी शिपायांनी सम्राट व्हेस्पेशियनकडे बुटांचा भत्ता मागितला. त्याने त्यांना नुसतं हाकलून दिलं नाही, तर यापुढे अनवाणी चाला असा हुकूम काढला. ही हकीकत स्वेटोनियसची. पुढेही ते अनवाणीच चालत राहिले, असं तो म्हणतो.

सगळ्यांत बोलकं उदाहरण ‘कोंगिआरिउम’चं. ‘कोंगिउस’ हे द्रवाचं माप, सव्वातीन लिटरच्या आसपास. राज्यकर्त्याने लोकांना मापाने तेल किंवा दारू वाटली की ते कोंगिआरिउम. पण पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळापर्यंत तो शब्द रोख पैशांसाठी वापरला जाऊ लागला होता; आपल्या कारकिर्दीचा हिशेब देताना ऑगस्टस माणशी ४०० सेस्टर्स (हे रोमन नाणं) कोंगिआरिउम म्हणून वाटल्याचं सांगतो. माप, मग मापलेली वस्तू, मग वस्तूऐवजी पैसा. सलारिउमचा प्रवासही असाच झाला असेल, मिठाचा भत्ता आणि मग कुठलाही भत्ता, हे अगदी शक्य आहे. शक्य आहे, इतकंच. भावंडांवरून एखाद्याचा स्वभाव ओळखता येईल, त्याने काल संध्याकाळी काय केलं ते कळत नाही.

मग पुरावा काय? थोरला प्लिनी. व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात इ.स. ७९ साली मेलेला हा लेखक आपल्या निसर्गविषयक प्रचंड ग्रंथाच्या ३१व्या खंडात मिठाबद्दल भरभरून लिहितो. तिथे एक वाक्य येतं. त्याचा आशय असा: मानाच्या पदांत आणि सैनिकी सेवेतही मिठाचा शिरकाव आहे, कारण सलारिउम हे नाव त्यावरूनच पडलं, जुन्या लोकांत मिठाचं महत्त्व मोठं होतं, हे व्हिया सालारिया या रस्त्याच्या नावावरूनही दिसतं, कारण त्या वाटेने सॅबाइन लोकांकडे मीठ जायचं.

वाक्य दोनदा वाचावं. प्लिनी कुठेही म्हणत नाही की सैनिकांना मीठ मिळायचं. मीठ घेण्यासाठी पैसे मिळायचे असंही म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की सलारिउम या शब्दात मीठ आहे. म्हणजे आपण करतोय तेच तो करतोय: शब्दाकडे पाहून मागचा इतिहास ताडतोय. ‘जुन्या लोकांत’ या शब्दांवरून हेही दिसतं की त्याच्या काळी ती प्रथा, असलीच तर, डोळ्यांसमोर नव्हती. तो साक्षीदार नाही, पहिला व्युत्पत्तिकार आहे. जुन्या लेखकाचं मत आणि जुन्या काळाचा पुरावा यांत फरक करायला हवा. दोन हजार वर्षं जुनं अनुमान हेही अनुमानच. त्याच ठिकाणी तो एक दंतकथेतला दाखलाही देतो, की अँकस मार्सियस राजाने ६,००० मोदिउस (हे एक रोमन माप) मीठ कोंगिआरिउम म्हणून वाटलं. पण वाटलं ते जनतेला. शिपाई तिथेही नाहीत.

उलट बाजूने तपासू. सैनिकांना प्रत्यक्षात काय मिळायचं? त्यांच्या पगाराचा लॅटिन शब्द सलारिउम नव्हे, ‘स्तिपेन्दिउम’. आजचा स्टायपेंड त्याच्यावरून आला. सीझर आपल्या युद्धांच्या हकीकतीत पगारासाठी हाच शब्द वापरतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने रोमन फौजेची बारीकसारीक माहिती लिहून ठेवली आहे: पायदळाच्या शिपायाला दिवसाला दोन ओबोल, सेंच्युरियनला म्हणजे तुकडीच्या नायकाला दुप्पट, घोडेस्वाराला एक द्राख्मा (ओबोल आणि द्राख्मा ही ग्रीक नाणी), गव्हाचा महिन्याचा शिधा किती, आणि गहू, कपडे, जादा हत्यारं यांचे पैसे पगारातून कसे कापले जात, तेही. मिठाचा उल्लेख नाही. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनारिउस मिळत, तीन हप्त्यांत.

आणि एक खरीखुरी पगाराची पावती शिल्लक आहे. इजिप्तमध्ये सापडलेला, आता जिनिव्हात असलेला एक पपायरस इ.स. ८१ सालच्या दोन सैनिकांचा हिशेब दाखवतो. त्यातल्या एकाच्या हप्त्यात जमा २४८ द्राख्मा. वजा: गवतापोटी १०, जेवणापोटी ८०, बूट आणि पायपट्ट्या १२, छावणीतल्या सॅटर्नेलिया सणाची वर्गणी २०, कपडे ६०. एकूण कपात १८२, शिल्लक ६६. आधीची शिल्लक १३६ धरून खात्यावर २०२. पगारपत्रक पाहण्याची सवय असलेल्या कुणालाही हा कागद परका वाटणार नाही. सणाच्या वर्गणीसकट सगळं आहे. मिठाची ओळ नाही, ना जमेला, ना खर्चाला. जेवणाच्या ८०मध्ये ते आलं असेलच, पण वेगळं दाखवावं इतकं त्याचं महत्त्व नव्हतं.

मग पहिल्या शतकात सलारिउम मिळायचं कुणाला? इथे गोष्ट साफ उलटी होते. प्रांताचा कारभार पाहणाऱ्या प्रोकॉन्सलला मिळायचं. सम्राट डोमिशियनने ॲग्रिकोलाला ते दिलं नाही अशी ॲग्रिकोलाचा जावई टॅसिटस याची तक्रार आहे. लष्करी ट्रिब्यूनना, म्हणजे वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना मिळायचं; त्यांच्या सलारिउमएवढी किंमत मोजून लोक शोभेच्या दीपमाळा घेतात, असा टोमणा खुद्द प्लिनीनेच मारला आहे. नीरोने घरचं सगळं गमावलेल्या खानदानी सिनेटरांना वार्षिक सलारिउम बांधून दिलं, काहींना पाच लाख सेस्टर्सपर्यंत. टायबेरियस आपल्या प्रवासातल्या सोबत्यांना सलारिउम देत नसे, फक्त शिधा देई; म्हणजे सलारिउम आणि शिधा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. साध्या शिपायाला स्तिपेन्दिउम, साहेबाला सलारिउम अशीच ती वाटणी दिसते. लॅटिन कोश या शब्दाला ऑगस्टसनंतरचा म्हणतात, तेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. फार जुन्या काळी सैनिकांच्या पगारालाच हे नाव असतं तर ते त्या काळच्या लिखाणात दिसायला हवं होतं.

मीठ सोन्याच्या भावाने विकलं जायचं, हा या गोष्टीचा जोडधंदा. तोही हिशेबाने मोडतो. थोरला केटो आपल्या शेतीच्या पुस्तकात लिहितो की गुलामाला वर्षाला एक मोदिउस मीठ पुरतं. मोदिउस म्हणजे पावणेनऊ लिटरच्या आसपास. (मीठ भरपूरच खात, किंवा खारवायला लागत असावं.) इ.स. ३०१ मध्ये डायोक्लिशियनने वस्तूंच्या कमाल किमतींचा जो हुकूम काढला, त्यात मिठाची कमाल किंमत लष्करी मोदिउसला १०० दिनारिउस आहे. हे लष्करी माप नेहमीच्या मापापेक्षा मोठं. त्याच हुकुमात शेतमजुराची कमाल मजुरी दिवसाला २५ दिनारिउस आणि वर जेवण. म्हणजे चार दिवसांच्या मजुरीत केटोच्या हिशेबाने वर्षभर पुरून उरेल एवढं मीठ. आणि त्याच हुकुमात गव्हाचा भावही तेवढ्याच मापाला १००. गव्हाच्या भावाने मिळणाऱ्या मिठाला सोनं म्हणण्यात अर्थ नाही. केटो आणि हा हुकूम यांत साडेचारशे वर्षांचं अंतर आहे आणि हुकुमातल्या किमती कमाल आहेत, बाजारातल्या नव्हेत, ही सावधगिरी बाळगूनही फरक इतका मोठा आहे की निष्कर्ष हलत नाही. मजुरी मिठात द्यायची म्हटलं तर गड्याला रोज निदान सव्वादोन लिटर मीठ घरी न्यावं लागलं असतं, आणि आठवड्याभरात शेजारपाजारी विकत बसावं लागलं असतं.

स्वस्त असलं तरी मीठ राजकारणातून सुटलं नव्हतं, हे मात्र खरं. ख्रिस्तपूर्व २०४ मध्ये मिठाचे दर वाढवले गेले, तेव्हा त्यामागे मार्कस लिव्हियस हा सेन्सॉर (जनगणना पाहणारा रोमन अधिकारी) आहे असं लोकांनी धरलं, आणि त्याला ‘सालिनातोर’ म्हणजे मीठवाला हे नाव चिकटलं ते कायमचं. रोमन इतिहासकार लिव्हीने ही हकीकत दिली आहे. आपल्याकडे मिठाच्या कराने काय घडलं, ते सांगायला नको.

तर मग शिपायांना मीठ दिलं कुणी? कोशकारांनी. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९चा लॅटिन-इंग्रजी कोश आजही सर्वांत जास्त चाळला जातो, कारण तो इंटरनेटवर फुकट आहे. तो सलारिउमचा मूळ अर्थ ‘सैनिकांना मिठासाठी दिलेला पैसा’ असा देतो आणि पुढे प्लिनीचं तेच वाक्य दाखवतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या जुन्या आवृत्तीतही जवळपास हेच होतं. प्लिनीच्या ‘मिठाचा शिरकाव’चं ‘मिठासाठी पैसा’ झालं, आणि कोशाबाहेर पडल्यावर ‘मिठासाठी पैसा’चं ‘पैशाऐवजी मीठ’. प्रत्येकाने थोडंथोडंच सरकवलं. म्हणून कोशात अर्थ वाचून थांबायचं नाही. त्यापुढे बारीक टायपात दिलेला संदर्भ उघडून मूळ वाक्य पाहायचं. नव्याण्णव लोक हे करत नाहीत, आणि गोष्ट टिकते ती त्यांच्याच जिवावर.

म्युनिकमध्ये १८९४ पासून सगळ्या उपलब्ध जुन्या लॅटिन मजकुरांवर आधारलेला एक महाकोश तयार होतो आहे. सलारिउमचा निवाडा तिथे पाहावा म्हटलं तर थांबावं लागेल. त्यांचं काम अजून एस या अक्षरापर्यंत पोचलेलं नाही.

या गोष्टीला पुढे आणखी फांद्या फुटल्या. ‘नॉट वर्थ हिज सॉल्ट’ हा इंग्रजी वाक्प्रचार इंग्रजी अवतरणसंग्रहांत रोमन लेखक पेट्रोनियसच्या नावावर टाकलेला सापडतो. मूळ लॅटिन उघडून पाहावं. तिथला शब्द ‘लोतिउम’ आहे, आणि लोतिउम म्हणजे मूत. तो माणूस स्वतःच्या मुताच्याही लायकीचा नाही, असं पेट्रोनियसचं पात्र म्हणतं. अनुवादकाने सभ्यपणे त्याचं मीठ केलं आणि पुढच्यांनी त्या मिठाचा पुरावा केला. दुसरी फांदी सोल्जर या शब्दाची: ‘साल दारे’ म्हणजे मीठ देणं, त्यावरून सोल्जर, अशी थाप सर्रास मारली जाते. तो शब्द ‘सोलिदुस’वरून आला. कॉन्स्टंटाइनने पाडलेलं हे सोन्याचं नाणं, एका रोमन पौंडात ७२, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅमचं. जुन्या फ्रेंचमध्ये त्यावरून पगाराचा शब्द आला, आणि पगार घेऊन लढणारा तो सोल्जर. इटालियन सोल्दातो, जर्मन झोल्ट हे त्याचेच सोयरे. शिपायाच्या नावात सोनं आहे, मीठ नाही.

हीच तपासणी आपल्या पगारावर करून पाहिली तर काम फार सोपं निघतं. मराठीत मोबदल्याचे जुने शब्द वेतन, मुशाहिरा, तनखा, रोजमुरा. पगार हा पोर्तुगीज ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं या क्रियापदावरून आला. वाट दाखवता येते: १५१० पासून गोवा आणि १५३४ पासून वसई पोर्तुगिजांकडे होती, आणि त्याच वाटेने चावी, पाव, बटाटा, फीत हे शब्दही आले. रूपही नियमात बसतं. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधला क पोर्तुगीजमध्ये ग होतो: अमीकुसचा अमीगु, लाकुसचा लागु. तसाच ‘पाकारे’चा पागार. पाकारे म्हणजे शांत करणं, आणि ते ‘पाक्स’ म्हणजे शांतता यावरून. देणेकऱ्याने सावकाराला शांत केलं की देणं फिटलं; मध्ययुगीन लॅटिनमध्ये हा अर्थ लेखी सापडतो, कल्पनेने भरावा लागत नाही.

फ्रेंचमध्ये तोच क पुरता विरून गेला, पाकारेचं ‘पेयर’ झालं आणि इंग्रजीत ते पे म्हणून आलं. इंग्रजीतही आधी त्याचा अर्थ खूश करणं, समाधान करणं असा होता, पैसे देणं हा नंतरचा. म्हणजे पे-स्लिपमधला पे आणि तिच्यावर छापून येणारा पगार हे एकाच लॅटिन क्रियापदाचे वंशज. एक पॅरिसमार्गे आला, एक लिस्बनमार्गे.

इंग्रजीत दुसराही एक पे आहे, जहाजाच्या फळ्यांमधल्या फटींना डांबर फासणं. स्पेलिंग तेच, उच्चार तोच. तो ‘पिक्स’ म्हणजे डांबर, त्यावरून ‘पिकारे’, अशा वेगळ्याच वाटेने आला. त्याचा पगाराशी काही संबंध नाही. अजून तरी कुणी तो जोडलेला पाहण्यात नाही, पण रोमन खलाशांना पगार डांबरात मिळायचा, असा निरोप कधीतरी येईलच.